रिकाम्या घराचं गणित

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही मार्गदर्शकात ‘प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल?’ या मथळ्याखाली दहा-वीस पानं असतातच. तीन ओळी, तीन स्तंभ. आठ घरांत आकडे आणि नवव्यात प्रश्नचिन्ह. आडव्या ओळीतल्या पहिल्या दोघांचा गुणाकार केला की तिसरा मिळतो, किंवा वर्गांची बेरीज जुळते, किंवा असंच काहीतरी. तलाठी भरतीपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत लाखो मुलं या चौकटी सोडवतात आणि त्यांतून एक समजूत पक्की होते, की रिकाम्या घराचं उत्तर एकच असतं आणि शेजारच्या घरांकडे नीट पाहिलं की ते सापडतंच. परीक्षेपुरती ही समजूत बरोबर आहे, कारण तिथे प्रश्न काढणाऱ्यानं आकडा आधी लिहिलेला असतो आणि मग पुसलेला असतो.

पुढच्या पानांत ज्या तक्त्यांचं गणित येणार आहे, त्यांतले आकडे कुणी खेळासाठी पुसलेले नाहीत. ते लिहिलेच गेले नाहीत, किंवा लिहिणारा माणूसच उरला नाही, किंवा ते लिहायला रकाना नव्हता. अशा विषयाची ओळख करून द्यायची तर उदाहरण एकाच गावाचं घ्यावं असं मला वाटलं, आणि ते गाव भोपाळ. १ नोव्हेंबर १९५६ ला नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं दप्तरांबरोबर तिकडे गेली. त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव अगदी परकं नाही. पण ते निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. आकडे हरवण्याचे जेवढे प्रकार शास्त्राला ठाऊक आहेत, ते जवळजवळ सगळे एका रात्रीपाठोपाठ या गावात घडले.

(परीक्षेतली रिकामी घरं भरण्याची एक निराळीच रीतही भोपाळातच २०१३ साली उघडकीला आली. व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे ‘व्यापमं’च्या परीक्षांत काही उमेदवार उत्तरपत्रिकेतले गोल कोरे ठेवून येत आणि आतली माणसं ते मागाहून भरत, असं तपासात पुढे आलं. त्या रीतीचा विचार इथे केलेला नाही.)

सुरुवात सोप्यापासून. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि वाऱ्याबरोबर कारखान्याच्या दक्षिणेकडच्या दाट वस्तीवर उतरला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुबाधित धरले. त्यांची लोकसंख्या ५,२१,२६२ आणि तिची विभागणी अशी: तीव्र बाधित भागात ३२,४७६, मध्यम बाधित भागात ७१,९१७ आणि सौम्य बाधित भागात ४,१६,८६९. यांतला कुठलाही एक आकडा झाकला तरी एकूणातून बाकीचे वजा करून तो परत मिळतो. दोन झाकले, तर मात्र एकूण हाताशी असूनही काही हाती लागत नाही. रिकामी घरं जितकी, तितक्याच परस्परांपासून स्वतंत्र अटी हव्यात. जनगणनेच्या किंवा अर्थसंकल्पाच्या तक्त्यात छपाईची चूक पकडणारे लोक हेच करतात: आडव्या बेरजा, उभ्या बेरजा, आणि जिथे दोन्ही एकाच आकड्यानं चुकतात ते घर. यात शास्त्र थोडं आणि चिकाटी फार.

पण याच तक्त्याला दुसरा एक तक्ता जोडला की गंमत सुरू होते. परिषदेनं दीर्घकाळ पाहणी करण्यासाठी बाधित भागांतून ८०,०२१ माणसांचा गट निवडला आणि तुलनेसाठी अबाधित भागातली १५,९३१ माणसं घेतली. बाधितांच्या गटात तीव्र भागातली २६,३८२, मध्यम भागातली ३४,९६४ आणि सौम्य भागातली १८,६७५ माणसं होती. म्हणजे तीव्र भागातल्या शंभरांपैकी एक्याऐंशी माणसं पाहणीत आली, तर सौम्य भागातली शंभरांत जेमतेम साडेचार. संशोधकांच्या दृष्टीनं ही निवड योग्यच होती. जिथे आजार जास्त दिसणार तिथे जास्त पाहायचं. मात्र या गटाची सरळ सरासरी काढून कुणी ती ‘भोपाळची’ म्हणून सांगितली, तर बाधित लोकसंख्येचा ऐंशी टक्के भाग तिच्यात जेमतेम पाव वाट्यानं बोलतो. ज्यांची पाहणी झाली नाही त्यांची घरं रिकामी असतात आणि सरासरी काढताना ती न विचारता भरली जातात. न भरल्यासारखं दाखवून भरणं, हा या विषयातला सर्वांत सामान्य अपराध आहे.

आणखी एक खोच आहे. तीव्र, मध्यम, सौम्य हे भाग ठरवले कशावरून? पहिल्या काही दिवसांत कुठे किती माणसं मेली त्यावरून. ज्या मृत्यूंच्या मोजणीबद्दलच वाद आहे, तीच मोजणी तक्त्याच्या ओळी आखायला वापरली गेली. दुसरा मार्ग तेव्हा उपलब्ध नव्हता हे खरं, पण वाचणाऱ्यानं ते लक्षात ठेवायला हवं.

आता मधल्या आकड्यांकडे. वेळेनुसार नोंदी असलेल्या तक्त्यात एखादी नोंद सुटली, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांच्या मधे सरळ रेघ ओढून ती भरायची, ही शाळेतल्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांपासून चालत आलेली रीत. त्या रात्रीच्या टाकीच्या दाबाच्या नोंदी सर्वज्ञात आहेत. १० वाजून २० मिनिटांनी दाब दर चौरस इंचाला २ पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. ११ वाजता नव्या पाळीला १० पौंड दिसला. समजा, १० वाजून ४० मिनिटांची नोंद हवी आहे; सरळ रेघ सांगेल, ६ पौंड. हे उत्तर कदाचित फारसं चुकीचं नसेल. तीच रेघ पुढे नेली तर सव्वाबाराला २५ पौंड यायला हवेत. प्रत्यक्षात ३० दिसले आणि त्यानंतर थोड्याच वेळात काटा ५५ च्या पलीकडे, म्हणजे मापनपट्टीच्या टोकाला जाऊन थांबला. टाकीत पाणी शिरून सुरू झालेली अभिक्रिया स्वतःच्याच उष्णतेनं वेग घेत होती. अशा अभिक्रियेला सरळ रेघ माहीत नसते. काटा टोकाला टेकल्यानंतरचे दाब कितीही चतुर सूत्रानं त्या तक्त्यातून काढता येणार नाहीत, कारण मोजणाऱ्या यंत्राचीच मर्यादा संपली होती. आणि ११ वाजता १० पौंड पाहणाऱ्याला तो आकडा नेहमीच्या मर्यादेतला वाटला, यातही नवल नाही. चाळीस मिनिटांपूर्वी तो २ होता हे शेजारी ठेवून पाहिलं तरच तो बोलतो.

खाडाखोड केलेल्या नोंदींचं प्रकरण तर याहून अवघड. कार्बाइडच्या वतीनं तपास करणाऱ्या आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेच्या अशोक कालेलकर यांनी १९८८ मध्ये घातपाताचा सिद्धांत मांडला. कुणा नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं आणि नंतर कामगारांनी नोंदवहीतल्या नोंदी बदलल्या, असं त्याचं सार. कामगारांनी आणि पीडितांच्या संघटनांनी तो सिद्धांत फेटाळला. कोण खरं, हा या पुस्तकाचा विषय नाही. पण रिकामं घर निदान आपण रिकामं आहोत एवढं तरी सांगतं, बदललेलं घर तेही सांगत नाही.

रिकामं घर भरण्याचं पहिलं रीतसर शास्त्र शेतातून आलं. पिकांच्या प्रयोगात शेताचे वाफे पाडायचे, प्रत्येक वाफ्याला वेगळं खत किंवा वेगळं वाण, आणि शेवटी उत्पन्नाचा तक्ता. मधेच एखाद्या वाफ्यात गुरं शिरली की तिथला आकडा गेला आणि सगळं गणित अडलं. १९३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रातल्या मंडळींनी, विशेषतः फ्रँक येट्स यांनी, यावर उपाय काढला: त्या ओळीची बेरीज, त्या स्तंभाची बेरीज आणि एकूण बेरीज यांवरून असा आकडा काढायचा, की जो तक्त्यात घातल्यावर उरलेली चूक कमीत कमी राहील. आपल्याकडे कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या हे गणित पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकातून शिकल्या. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम करता करता संख्याशास्त्रज्ञ झाले आणि पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचं त्यांचं पुस्तक १९५४ चं. इंदूर-भोपाळच्या काळ्या मातीशी त्याचं नातं जवळचं आहे.

या रीतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तिच्या सूत्रात नाही, सूत्रानंतरच्या सूचनेत आहे. आकडा भरून झाला की विश्लेषणातली स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे स्वतंत्र माहितीची मोजदाद, एकानं कमी करा, असं ती सांगते. भरलेल्या आकड्यानं चौकट पुरी होते, माहिती वाढत नाही. म्हणून त्या आकड्याच्या नावावर कुठलाही विश्वास जमा करायचा नाही. दुसरी गोष्ट पुस्तकात बहुधा एका वाक्यात येते आणि विद्यार्थी ती ओलांडून जातात. गुरं त्याच वाफ्यात का शिरली? कुंपण तिथे मोडकं होतं म्हणून शिरली असतील, तर सूत्र खुशाल वापरा. पण त्या वाफ्यातलं पीक सर्वांत हिरवंगार होतं म्हणून शिरली असतील, तर जो आकडा हरवला तो मोठा होता म्हणूनच हरवला, आणि शेजारच्या वाफ्यांवरून काढलेलं उत्तर त्याला हमखास लहान करणार. १९७६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी हाच भेद गणिताच्या भाषेत पक्का मांडला. आकडा हरवण्याचं कारण त्या आकड्याच्या आकारमानाशी जोडलेलं आहे का, हा प्रश्न आधी, सूत्र नंतर.

हा प्रश्न हातात घेऊन भोपाळच्या मृतांकडे यायचं. त्यासाठी एक भारतीय पद्धत आधी समजून घ्यावी लागेल. कलकत्त्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेतले सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये एक निबंध लिहिला. बंगालमधल्या सिंगूर भागातले जन्ममृत्यू दोन ठिकाणी नोंदले गेले होते: एक सरकारी निबंधकाची यादी, दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्ही अपुऱ्या. पण दोन अपुऱ्या याद्या शेजारी ठेवल्या की चार घरांचा तक्ता होतो: दोन्हीकडे असलेले, फक्त पहिलीत, फक्त दुसरीत, आणि कुठेच नसलेले. चौथं घर रिकामं, आणि हवं असतं नेमकं तेच.

काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या यादीत ६०० मृत्यू, दुसरीत ५००, दोन्हींत सापडलेले ३००. म्हणजे फक्त पहिलीत ३००, फक्त दुसरीत २००. दुसऱ्या यादीतल्या ५०० पैकी ३०० पहिलीला सापडले होते, याचा अर्थ पहिली यादी शंभरांतले साठ पकडते. तिनं ६०० पकडले, तर एकूण १,००० असणार आणि कुठेच न नोंदलेले २००. कुठेच नाव नसलेल्या माणसांची संख्या कागदावर उमटते, हे प्रथम पाहणाऱ्याला चमत्कारासारखंच वाटतं. पण चमत्कार एका अटीवर उभा आहे: एका यादीत नाव येण्याचा दुसऱ्या यादीत नाव येण्याशी काही संबंध नसावा. तो असेल, म्हणजे एका यादीत असलेला माणूस दुसरीतही सहज येत असेल, तर सामाईक नावं फुगतात. वरच्याच उदाहरणात सामाईक ३०० ऐवजी ४०० झाले, तर एकूण उत्तर ७५० वर येतं आणि न नोंदलेले २०० चे ५० होतात. याद्या एकमेकींना जितक्या चिकटलेल्या, तितके अदृश्य लोक कमी भासतात.

भोपाळात याद्या पुष्कळ होत्या. हमीदिया रुग्णालयाच्या नोंदी होत्या. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात डॉ. हीरेश चंद्र आणि त्यांचे सहकारी शवविच्छेदनं करत होते आणि अनोळखी मृतांच्या कपाळावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून त्यांची छायाचित्रं काढली जात होती. स्मशानांत आणि कब्रस्तानांत मोजणी होती, तीही ओढाताणीची, कारण एका चितेवर अनेक देह होते आणि एका कबरीत अनेक. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं समाजकार्याचे विद्यार्थी १९८५ च्या सुरुवातीला घरोघर गेले. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यांची सर्वांत मोठी यादी झाली. दहा लाखांहून अधिक दावे आले. इतक्या याद्या असताना चंद्रशेखरन-डेमिंग रीत का चालू नये?

चालत नाही, कारण इथे गुरं हिरव्या वाफ्यातच शिरली होती. ज्या घरातलं एक माणूस गेलं, त्या घरात नाव सांगायला कुणी उरलं. ज्या घरातली सगळी गेली, ते घर रुग्णालयाच्या, पाहणीच्या आणि दाव्यांच्या यादीतून एकदमच गळलं. मृत्यू जितका सर्वंकष, तितकी त्याची नोंद होण्याची शक्यता कमी. रेल्वे स्टेशन वायूच्या वाटेवरच होतं. फलाटावर झोपलेली माणसं आणि उतारू यांची नावं भोपाळच्या कुठल्याही शिधापत्रिकेवर असण्याचं कारण नव्हतं. डिसेंबरच्या मध्याला उरलेला वायू संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालवायचं ठरलं, सरकारनं त्याला ‘ऑपरेशन फेथ’ असं नाव दिलं, आणि लोकांनी त्या विश्वासाला जे उत्तर द्यायचं ते पायांनी दिलं: लाखोंनी शहर सोडलं. त्यांतले काही दुसऱ्या गावी जाऊन मेले असतील तर ते भोपाळच्या रजिस्टरात नाहीत. शिवाय भरपाईसाठी रुग्णालयाचा कागद लागे. म्हणजे दोन याद्या स्वतंत्र राहिल्या नाहीत, एक दुसरीची अट बनली. दाव्यांच्या बाजूनं उलट चूकही झाली असणार: पैशांची आशा असली की खोटे आणि दुबार दावे येतात. रिकामी घरं आणि जास्त भरलेली घरं एकाच तक्त्यात शेजारी आली.

म्हणून भोपाळच्या मृतांचा आकडा विचारला की आकड्यांची रांगच समोर येते. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. पुढे मध्य प्रदेश सरकारचा ३,७८७. भरपाई मिळालेले मृत्यू ५,२९५. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २००४ च्या अहवालात पहिल्या काही दिवसांतच सात हजारांहून अधिक आणि नंतरच्या वीस वर्षांत आणखी पंधरा हजार. हे सगळे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत असं समजून भांडणं व्यर्थ आहे. एक आकडा प्रेतं मोजतो, दुसरा सिद्ध झालेले दावे, तिसरा त्या वायूविना जितके मृत्यू झाले असते त्यांहून जास्तीचे अंदाजतो. तिसऱ्यासाठी ‘वायूविना किती’ हे घर भरावं लागतं. ‘मेडिको फ्रेंड सर्कल’च्या डॉक्टरांनी मार्च १९८५ मध्ये आजारांच्या बाबतीत नेमकं तेच केलं: कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरची तुलना दूरच्या अण्णानगरशी. राहणीमान सारखं, अंतर वेगळं. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये जगातून दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘हरवल्या’ असल्याचं दाखवलं, तेही अशाच अपेक्षित आकड्यातून प्रत्यक्षाची वजाबाकी करून. ही वजाबाकी तुलनेसाठी निवडलेल्या वस्तीइतकीच खरी असते.

काही घरं रिकामीही नव्हती. त्यांच्यासाठी स्तंभच आखलेला नव्हता. मॅकगिल विद्यापीठाचे दया वर्मा यांनी घटनेनंतर सुमारे नऊ महिन्यांनी ३,२७० कुटुंबांत चौकशी केली. त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी ४३ टक्क्यांच्या पोटी जिवंत मूल जन्मलं नाही. मृतांच्या तक्त्यात या गर्भांना ओळ नाही.

शेवटचा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि संख्याशास्त्राच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. घर भरलेलं असतं, बेरीज जुळते, आणि तरीही आकडा हरवलेला असतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याच वर्षी ४ मे रोजी न्यायालयानं तिच्यामागचं गणित सांगितलं: ३,००० मृत्यू, ३०,००० कायमचे अपंग, २०,००० तात्पुरते अपंग, २,००० अत्यंत गंभीर इजा आणि ५०,००० किरकोळ इजा, एकूण १,०५,०००. दाव्यांचा निवाडा झाल्यावर तोच तक्ता असा भरला: ५,२९५ मृत्यू, ४,९०२ कायमचे अपंग, ३५,४५५ तात्पुरते अपंग, ४२ अत्यंत गंभीर इजा, ५,२७,८९४ किरकोळ इजा, एकूण ५,७३,५८८.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहा. एकूण साडेपाच पट झालं. मृत्यू वाढले. पण कायमचे अपंग एक षष्ठांशावर आले आणि अत्यंत गंभीर इजा झालेले दोन हजारांवरून बेचाळिसांवर. लाखोंच्या शहरावर इतका विषारी वायू उतरतो, पाच हजारांवर माणसं मरतात आणि अत्यंत गंभीर जखमी बेचाळीसच निघतात, हे पचायला जड आहे. मृत्यू आणि किरकोळ यांच्या मधली ही दोन घरं अशी ओसरली, तर ती माणसं बहुतेक खालच्या मोठ्या घरात गेली असणार. पीडितांच्या संघटना तेच म्हणत आल्या: डॉक्टरांनी एकदा घाईघाईनं तपासलं, त्यावर कायमचा शिक्का बसला, आणि फुप्फुसाचा वर्षानुवर्षांचा आजार ‘किरकोळ’ ठरला. त्या रकान्यातल्या बहुतेकांना पंचवीस हजार रुपये मिळाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानंतर तेवढेच पुन्हा. उभी बेरीज शेवटच्या एककापर्यंत जुळते. वर सांगितलेल्या कुठल्याही सूत्राला या तक्त्यात पकडण्यासारखं काही सापडणार नाही. तो पकडायला दुसरा तक्ता, आणि त्या दोहोंतली विसंगती बोचेल असा वाचक लागतो.

पुढल्या प्रकरणांत सूत्रं आहेत, सोडवलेली उदाहरणं आहेत, सरावाला तक्ते आहेत. प्रत्येक तक्त्याखाली उत्तरासाठी दोन रेघा सोडल्या आहेत: वरच्या रेघेवर आकडा का नाही ते लिहायचं, खालच्या रेघेवर आकडा. पहिली रेघ कोरी ठेवून दुसरी भरणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देऊ नयेत, असं मी शिक्षकांना सुचवीन.

भोपाळच्या तक्त्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारनंच सर्वोच्च न्यायालयात दुरुस्ती याचिका केली, आधार हाच, की १९८९ ची घरं चुकीची भरली होती. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती फेटाळली. तडजोड मोडायला फसवणुकीचा पुरावा हवा, आकडे वाढले एवढं कारण पुरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पीडितांसाठी विमा उतरवायचा होता तो सरकारनं उतरवलाच नाही, हेही न्यायालयानं सुनावलं. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले पन्नास कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरावेत, असा आदेश देऊन प्रकरण बंद झालं.